एक तारीख आणि एक तिथि

कांहीं वर्षांपूर्वींच्या पौष महिन्यांतील गोष्ट आहे. आमची नात तेव्हां सहावींत होती. एके दिवशीं ती शाळेंतून आली ती दप्तर खालीं ठेवण्यापूर्वींच आमच्या खुर्चीपाशीं येऊन उभी राहिली. शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोज दिनविशेष लिहिण्याचें काम त्या महिन्यांत तिच्या वर्गाकडे आलें होतें, आणि वांटणीमध्यें १४ जानेवारी हा दिवस तिच्या वांट्यास आला होता. "आजोबा, त्या दिवशीं काय काय झालें तें सांगा, पण फळ्यावर जागा पांचच ओळींची आहे," असें तिनें आरंभींच बजावलें. आमचें सांगणें पांच ओळींत आटोपत नाहीं हा घरांतील सर्वांचा अनुभव आहे.

आम्हांस तारखांचा नाद जुना. वर्षांतील प्रत्येक तारखेस एक पान, अशी एक जाड वही आम्हीं कॉलेजांत असतांना घातली, आणि वाचनांत जी जी तारीख येईल ती ती त्या त्या पानावर टिपून ठेवण्याचा परिपाठ आजतागायत चालविला आहे. कित्येक पानें अद्याप कोरीं आहेत. कित्येक इतकीं भरलीं आहेत कीं समासांतही जागा उरलेली नाहीं. १४ जानेवारीचें पान या दुसऱ्या जातीचें. वही उघडून आम्ही वाचूं लागलों.

१४ जानेवारी १७४२ रोजीं ज्योतिर्विद एडमंड हॅले ग्रिनिच येथें वारले. ज्या धूमकेतूस त्यांचें नांव मिळालें तो १७५८ च्या अखेरीच्या सुमारास पुन्हा दिसेल असें त्यांनीं सांगून ठेविलें होतें. त्याप्रमाणें तो दिसला, परंतु तो पाहण्यास ते हयात नव्हते. १४ जानेवारी १८९६ रोजीं महाडजवळील नाते या गांवीं चिंतामणराव देशमुख यांचा जन्म झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होण्याचा मान त्यांना १९४३ सालीं मिळाला. पुढें ते देशाचे अर्थमंत्री झाले, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ सालीं त्या पदाचा राजीनामा देऊन मोकळे झाले. १४ जानेवारी १९६९ रोजीं, पोंगलच्या सणास, मद्रास राज्याचें तामिळनाडू झालें. १४ जानेवारी १९९४ रोजीं मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव जोडलें गेलें. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनीं तसा ठराव १९७८ सालींच केला होता; तो या रूपानें अंमलांत येण्यास सोळा वर्षें लागलीं, आणि त्यापायीं मराठवाड्यांत दलितांचीं घरें जाळलीं गेलीं, माणसें मारलीं गेलीं.

"आणि १७६१?" नातीनें पानाच्या माथ्यावरील, तांबड्या शाईनें लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवून विचारलें.

ती ओळ अर्थातच पानिपतची होती. १४ जानेवारी म्हटलें कीं मराठी माणसास दुसरें कांहीं आठवत नाहीं. आणि आमच्या घरांत तर तो दिवस विसरण्याची सोयच नव्हती. आमचे एक पूर्वज लष्कराच्या फडावर कारकून होते. ते उत्तरेंत गेले ते परतले नाहींत. आमच्या वंशावळींत त्यांच्या नांवापुढें 'पानिपतीं राहिले' एवढे दोनच शब्द आहेत. त्यांची आठवण म्हणून संक्रांतीच्या दिवशीं दुपारचे बारा वाजेपर्यंत आमच्या घरीं कोणी तीळगूळ तोंडांत घालीत नसे. शेजारचीं मुलें हलव्याच्या पुड्या घेऊन सकाळपासून हिंडत, आणि आम्ही भावंडें घड्याळाकडे पाहत बसत असूं. ही रीत अडीचशें वर्षें चालत आलेली आहे असें वडिलांनीं आम्हांस सांगितलें, आणि आम्हीं तें आमच्या मुलांस सांगितलें. आमच्या मुलानें लहानपणीं एकदां बाराच्या आधीं मूठभर हलवा खाल्ला, म्हणून आम्हीं त्यास तासभर कोपऱ्यांत उभें केलें होतें.

तेव्हां नातीस आम्हीं पानिपतची हकीकत सांगितली. भाऊसाहेब उत्तरेंत कसे गेले, दिल्ली आणि कुंजपुरा कसा घेतला, आणि अब्दालीनें यमुना उतरून मराठ्यांची दक्षिणेची वाट कशी अडविली तें सांगितलें. दोन महिन्यांहून अधिक काळ लष्कर पानिपतास अडकून पडलें. लढणाऱ्यांबरोबर बायकामुलें होतीं, यात्रेच्या आशेनें निघालेलीं माणसें होतीं, बाजारबुणगे होते. रसद तुटली, जनावरें मरूं लागलीं, माणसांच्या पोटांत अन्न नाहींसें झालें. उपाशी मरण्यापेक्षां लढून मरावें, असें ठरवून, तोंडास हळद फांसून ते लोक सकाळीं बाहेर पडले. दुपारपर्यंत पारडें त्यांच्या बाजूस झुकलें होतें. मग विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब गर्दींत दिसेनासे झाले, आणि संध्याकाळपर्यंत सारा खेळ आटोपला. मदतीस निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ही बातमी भेलशाजवळ मिळाली. ते पुण्यास परतले, पण त्यांतून सांवरले नाहींत; २३ जून १७६१ रोजीं पर्वतीवर त्यांनीं देह ठेविला.

नात बराच वेळ गप्प होती. मग तिनें विचारलें, "आजोबा, ते इतके दिवस उपाशी होते, तर संक्रांतीचा तीळगूळ तरी त्यांना मिळाला असेल का हो?"

"नसेल मिळाला," आम्ही म्हणालों, "म्हणून तर आपण बारापर्यंत खात नाहीं."

"पण त्या दिवशीं खरोखर संक्रांत होती ना?"

"म्हणजे काय! आजही एखाद्यावर मोठें संकट आलें कीं त्याच्यावर संक्रांत आली असें आपण म्हणतों, तें काय उगाच?" असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. तो वाक्प्रचार पानिपतचा नसून संक्रांतिदेवीच्या कल्पनेचा आहे, हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु नातवंडांपुढें हार खाणें कोणत्या आजोबांस आवडतें?

रात्रीं मात्र तो प्रश्न आम्हांस झोंप येऊं देईना. उठून पुन्हा वही काढली. १४ जानेवारीच्या पानावरून सहज दोन पानें मागें आलों, तों १२ जानेवारीच्या पानावर आमच्याच हातची ओळ दिसली: १८६३ सालीं कलकत्त्यास स्वामी विवेकानंदांचा जन्म झाला, तो मकरसंक्रांतीच्या दिवशीं. ही ओळ आम्हीं चाळीस वर्षांपूर्वीं लिहिली असेल, आणि तिचा अर्थ आमच्या ध्यानांत त्या रात्रीं प्रथमच आला. १८६३ सालीं जर संक्रांत १२ जानेवारीस होती, तर त्याच्या शंभर वर्षें आधीं ती १४ जानेवारीस असणार कशी?

हिशेब अवघड नाहीं. सूर्य मकर राशींत शिरतो तो क्षण म्हणजे संक्रांत. आपल्या पंचांगांचें हें वर्ष नक्षत्रांच्या मानानें मोजलेलें, निरयन. इंग्रजी वर्ष ऋतूंच्या मानानें. निरयन वर्ष सुमारें वीस मिनिटांनीं मोठें भरतें, आणि हीं मिनिटें सांचत सांचत सत्तरएक वर्षांत संक्रांत इंग्रजी तारखेच्या मानानें एक दिवस पुढें सरकते. आमच्या बाळपणीं ती १४ तारखेस ठरलेली वाटे. आतां मधून मधून ती १५ तारखेस येते, हें वाचकांनींही पाहिलें असेल. ज्या थोड्या घरांत टिळक पंचांग पाळतात तेथें तर गणिताचा आरंभ निराळा धरल्यामुळें ती चारएक दिवस आधींच होऊन जाते. या हिशेबानें १७६१ सालीं संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास, म्हणजे लढाईच्या तीन-चार दिवस अगोदरच, उलटून गेली होती. इतिहासाच्या पुस्तकांत पानिपतच्या लढाईची मिति स्पष्ट आहे: शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. तेथें संक्रांतीचा संबंध नाहीं.

एवढ्यावर थांबलों असतों तर बरें होतें. पण एकदां शंका शिरली कीं ती सगळ्या घरांत फिरते. हॅलेसाहेबांची तारीख पाहिली. ते वारले तेव्हां इंग्लंडांत जुनी कालगणना चालू होती आणि वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणून तेथील लोकांच्या लेखीं तें साल १७४१ होतें, आणि आजच्या गणनेनें पाहिलें तर तो दिवस २५ जानेवारी १७४२ हा येतो. पुढें १७५२ सालीं इंग्रजांनीं नवी गणना स्वीकारली, तेव्हां २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशीं एकदम १४ सप्टेंबर उजाडला. तेव्हां ज्यानें धूमकेतूची वेळ सांगितली त्या मनुष्याचा मृत्यु आमच्या वहींत चुकीच्या पानावर टिपला गेला होता! त्याचें हंसूं आलें. पण घरच्या रीतीचें हंसूं येईना. संक्रांत आणि १४ जानेवारी हीं दोन्हीं एके ठिकाणीं आलीं तीं विसाव्या शतकांत. मग आमची अडीचशें वर्षांची रीत आली कोठून?

हें सांगूं शकेल असें एकच माणूस उरलें होतें. आमची आत्या तेव्हां नव्वदीच्या घरांत होती आणि वाईस आपल्या मुलाकडे राहत असे. दुसऱ्याच दिवशीं आम्ही पुण्याहून निघून तिच्याकडे गेलों. नमस्कार करून, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर, बारापर्यंत तीळगूळ न खाण्याची गोष्ट काढली. आत्या हंसली.

"अडीचशें वर्षें? अरे, ती रीत माझ्या डोळ्यांदेखत सुरू झाली. मी सात-आठ वर्षांची असेन. दादा शाळेंत इतिहास शिकवीत. त्यांनीं ती सुरू केली."

दादा म्हणजे आमचे आजोबा.

"मग त्याच्या आधीं कांहींच नव्हतें?"

"होतें तर! अष्टमीचें पान होतें." आणि आत्येनें आम्हांस जें सांगितलें तें तिच्या आजीकडून, म्हणजे आमच्या पणजीकडून, तिला कळलेलें होतें. पौष शुद्ध अष्टमीस रात्रीं सर्वांचीं जेवणें होण्यापूर्वीं घरांत एक पान जास्त मांडीत. त्यावर भात, वरण, तूप, आणि गुळाची पोळी असलीच पाहिजे. पाट ठेवीत, तांब्याभांडें ठेवीत, समईही लावीत. कोणी त्या पाटावर बसत नसे. मग तें पान दुसऱ्या पानानें झांकून ठेवीत आणि सकाळीं गाईस घालीत.

"म्हणजे श्राद्धाचें पान," आम्ही म्हणालों.

"छे, छे! श्राद्ध कशाला? ते गेले असें काकींनीं कधीं म्हटलेंच नाहीं. ते वाटेंत आहेत, उशीर झाला आहे, भूक लागली असेल, म्हणून पान."

काकी म्हणजे त्या पानिपतीं राहिलेल्या पूर्वजांची पत्नी. लढाईची बातमी आली, तिथि कळली. परंतु त्यांना पडतांना पाहिलेला एकही मनुष्य परत आला नाहीं. भटजींनीं शास्त्र सांगितलें: बारा वर्षें वाट पाहावी, नंतर पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नि द्यावा. बारा वर्षें लोटलीं, पण काकींनीं तें होऊं दिलें नाहीं. कपाळाचें कुंकू त्यांनीं मरेपर्यंत पुसलें नाहीं. मूलबाळ नव्हतें. मरतांना त्यांनीं पुतण्याच्या बायकोकडून पान बंद न करण्याचें वचन घेतलें. तिनें आपल्या सुनेकडून घेतलें. तिनें आपल्या सुनेकडून.

आत्येचें हें बोलणें ऐकत असतांना आम्हांस पार्वतीबाईंची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. सदाशिवराव भाऊंच्या या पत्नी पानिपतावर त्यांच्याबरोबर होत्या. त्या त्या प्रलयांतून वांचल्या, सुरजमल जाटानें आश्रय दिलेल्या दुर्दैवी लोकांबरोबर दक्षिणेकडे आल्या, आणि भाऊ हयात आहेत याच निश्चयानें पुढें सौभाग्यवती म्हणून राहिल्या. पुढें भाऊंच्या नांवानें एक तोतया उभा राहिला, आणि १७७६ सालीं त्याचा शेवट झाला. त्या तोतयामागें हजारों माणसें गेलीं तीं सारींच लबाड नव्हतीं. भाऊ परत यावे असें त्यांना मनापासून वाटत होतें. ही सारी कथा आम्हांस पूर्वींपासून ठाऊक होती. शनिवारवाड्यांत जें झालें तेंच आमच्या माजघरांतही झालें होतें, हें मात्र ठाऊक नव्हतें.

"मग पान बंद कां झालें?" आम्हीं विचारलें.

"दादांना तें पटेना. ते म्हणत, त्या माणसास मरून पावणेदोनशें वर्षें होत आलीं, तो जेवायला येतो कसला? आठवण ठेवायची तर इतिहासाला शोभेलशी ठेवा. १४ जानेवारी म्हणजे राष्ट्राच्या दुखवट्याचा दिवस; त्या दिवशीं गोड खाऊं नका. झालें! दोन-तीन वर्षें आजीनें मागच्या पडवींत कोणास न कळत पान मांडलें. मी समईची वात करून दिली आहे. मग आजी गेली. माझ्या आईची दादांपुढें बोलायची छाती नव्हती."

"आणि त्या काकींचें नांव काय होतें?"

आत्येनें बराच वेळ आठवून पाहिलें. "नांव कोणास ठाऊक! आजीही काकीच म्हणायची."

परत येतांना एस. टी. च्या गाडींत आम्ही आजोबांचा विचार करीत होतों. त्यांना आम्ही दोष देत नाहीं. तो काळच तसा होता. देशाच्या पराभवांतून कांहीं शिकावें, मुलांना शिकवावें, अशा तळमळीचा. तारीख घट्ट असते, छापील असते, सर्व देशास एक असते. तिथि सरकते, पंचांगांत शोधावी लागते. शिक्षकास तारीख सोयीची वाटली यांत नवल नाहीं. पण त्यांच्या हातून एक गोष्ट घडली. एका बाईनें आपल्या नवऱ्याची पाहिलेली वाट होती. तिचें त्यांनीं राष्ट्राच्या दुखवट्यांत रूपांतर केलें. गोड पानाच्या जागीं गोडाची बंदी आली. वंशावळींत काकींचें नांव आधींच नव्हतें. त्यांची एवढी एक खूण घरांत होती, तीही गेली. आणि आम्ही, तारखांच्या नादीं लागलेले त्यांचे नातू, ती बंदी परंपरा म्हणून पाळीत आलों, आणि मुलास कोपऱ्यांत उभें करण्यापर्यंत आमची मजल गेली.

आत्येच्या सांगण्यासही लेखी पुरावा नाहीं, हें आम्ही जाणतों. कोणी इतिहाससंशोधक तें मान्य करणार नाहीं, आणि आमचा तसा आग्रहही नाहीं. परंतु आमच्या रीतीस जो पुरावा आम्ही समजत होतों तो तर गणितानेंच खोटा ठरला होता. दोन्हींपैकीं कोणती गोष्ट माणसाच्या स्वभावाशीं अधिक जुळते, एवढेंच आम्हीं पाहिलें.

घरीं आल्यावर नातीस सर्व सांगितलें. तिनें फळ्याच्या पांच ओळी स्वतःच ठरविल्या. पहिल्या ओळींत पानिपत. तारीख लिहून शेजारीं पौष शुद्ध अष्टमी हेंही लिहिलें. मग देशमुख, मग तामिळनाडू, मग विद्यापीठ. हॅलेसाहेबांना तिनें गाळलें. त्यांचा दिवस हा नव्हेच, असें तिचें म्हणणें. पांचव्या ओळींत तिनें लिहिलें, 'पानिपतावर गेलेल्या पुष्कळांची वाट त्यांच्या घरच्यांनीं पुढें अनेक वर्षें पाहिली.' बाईंनीं विचारलें, हें कोणत्या पुस्तकांत आहे? "पुस्तकांत नाहीं," तिनें सांगितलें, "वाईच्या आत्येआजींनीं सांगितलें." बाईंनीं ती ओळ राहूं दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों.

त्या संक्रांतीस आम्हीं सकाळीं स्नान होतांच सर्वांच्या हातांवर तीळगूळ ठेविला. मुलास देतांना त्या कोपऱ्याची गोष्ट काढली आणि आमचें चुकलें असें म्हटलें. तो म्हणाला, "बाबा, तें मी केव्हांच विसरलों." तो विसरला नव्हता, हें त्याच्या तोंडावरून दिसत होतें, पण त्यानें तीळगूळ घेतला.

त्या वर्षीं अष्टमी संक्रांतीनंतर आली. रात्रीं आमच्या सौभाग्यवतींनीं आणि सुनेनें मिळून एक पान जास्त मांडलें. समई लावली, पाट ठेविला, गुळाच्या पोळीवर तूप घातलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. इतक्या वर्षांनीं जेवावयास कोणी येणार नाहीं, हें आम्हां सर्वांस आजोबांइतकेंच ठाऊक होतें. आत्येस दूरध्वनीवरून कळविलें तेव्हां तिनें एवढेंच विचारलें, "पान झांकलेंत ना? उघडें ठेवूं नका, निवतें."

आत्या आतां नाहीं. नात शिक्षण पुरें करून नोकरीनिमित्त परगांवीं राहते. १४ जानेवारी केव्हां येते हें तिला कोणी सांगावें लागत नाहीं, परंतु दरवर्षीं मार्गशीर्ष संपत आला कीं तिचा दूरध्वनि येतो, "आजोबा, यंदा अष्टमी कितव्या तारखेला?" आम्ही पंचांग काढतों, चष्मा शोधतों, आणि पाहून सांगतों. आमच्या वहींत या गोष्टीस पान नाहीं. ती दरवर्षीं निराळ्या पानावर येते, म्हणून आम्हीं ती कोठेंच टिपलेली नाहीं. नात तिकडे आपल्या खोलीवर काय मांडते तें आम्हीं विचारलें नाहीं. गुळाची पोळी कशी करावी, हें मात्र पहिल्याच वर्षीं तिनें आजीस विचारून घेतलें होतें.